मेजरसाहेब पुन्हा वर्गात

स्टाफ कॉलेजची, म्हणजे मुख्यालयात योजना आखणारे आणि हुकूम लिहिणारे अधिकारी घडवणाऱ्या लष्करी कॉलेजची, प्रवेश परीक्षा अगदी नको त्या वेळी येते. नोकरीला आठ-दहा वर्षं झालेली असतात, खांद्यावर अशोकस्तंभ लागलेला असतो आणि हाताखाली बॅटरी, म्हणजे तोफांची तुकडी, किंवा पायदळाची कंपनी असते. म्हणजे शंभरेक जवानांच्या रजा, त्यांच्या गावाकडच्या बांधाबांधांवरची भांडणं, वर सीमेवरची ड्यूटी, आणि घरी नुकतंच शाळेत जायला लागलेलं मूल. अशात सप्टेंबरमध्ये सहा पेपर लिहायचे: टॅक्टिक्स ए, टॅक्टिक्स बी, मिलिटरी लॉ, ॲडमिनिस्ट्रेशन अँड मोराल, करंट अफेअर्स आणि मिलिटरी हिस्टरी. सगळे हातानं.

मी तोफखान्यातला, मूळचा निफाड तालुक्यातला. तोफखान्याची शाळा देवळालीला, त्यामुळे यंग ऑफिसर्स कोर्स आणि पुढे लाँग गनरी स्टाफ कोर्स हे दोन्ही घरच्या अंगणात झाल्यासारखेच. रविवारी एसटी धरली की दुपारी आईच्या हातची भाकरी. या परीक्षेच्या वेळी मात्र युनिट उत्तरेत, डोंगरावर. जनरेटर चालू असेपर्यंत पुस्तक, बंद पडला की टॉर्च. फॉर्मेशनवाले, म्हणजे वरच्या मुख्यालयातले लोक, परीक्षार्थींसाठी प्री-स्टाफचे वर्ग घेतात. तिथे पोचल्यावर कळलं की सगळ्यांचं दुखणं एकच. बोटं. इतक्या वर्षांत माणूस सह्या आणि शेरे सोडून हातानं काही लिहीतच नाही, आणि इथे एका बैठकीत वहीभर लिहायचं. मी रोज रात्री घड्याळ लावून पानं खरडायला लागलो. माझा सहायक दोन-चार दिवस बघत होता. शेवटी त्यानं काळजीनं विचारलं, "साब, घर पे सब ठीक है ना?" त्याला वाटलं, मी एवढी पत्रं कोणाला लिहितोय!

टॅक्टिक्सचे पेपर म्हणजे समोर नकाशा, एक परिस्थिती, आणि तुम्ही अमुक ठिकाणचे कमांडर. शत्रू कुठे, जमीन कशी, वेळ किती, हे मांडत मांडत निर्णयापर्यंत यायचं. आमच्या भाषेत याला ॲप्रिसिएशन म्हणतात. निर्णय सगळ्यांनाच सुचतो, पण तिथपर्यंतची पायरी न् पायरी कागदावर दिसावी लागते. हातातली प्लॅटून वर्षानुवर्षं अंदाजानं आणि सवयीनं हलवलेल्या माणसाला हे फार जड जातं. मिलिटरी लॉ कोणी प्रेमानं वाचत नाही, तरी बरेचजण त्यावरच तरून जातात. आणि पीसीके आहेच. प्रीव्हियस कोर्स नॉलेज, म्हणजे आधीच्या लोकांनी मागे ठेवलेल्या नोट्सचे गठ्ठे. तिन्ही दलांत या गठ्ठ्यांना वंशपरंपरागत इस्टेटीसारखा मान आहे. माझ्याकडे आलेल्या गठ्ठ्यावर आधीच्या तीन-चार मालकांची अक्षरं होती, आणि समासात एकमेकांशी वाद घातलेले होते. तो वाद वाचण्यात मूळ मजकुरापेक्षा जास्त शिकायला मिळालं.

निकालात नाव गुणवत्तेच्या क्रमानं येतं आणि त्याप्रमाणे वाटा फुटतात. बहुतेकांचा रोख निलगिरीतल्या वेलिंग्टनच्या डिफेन्स सर्व्हिसेस स्टाफ कॉलेजकडे. तांत्रिक अंगाच्या अधिकाऱ्यांसाठी पुण्यात गिरीनगरला टेक्निकल स्टाफ कोर्स आहे. काही थोड्यांना परदेशातल्या स्टाफ कॉलेजात पाठवतात. माझी बायको पुण्याची, तिनं मनातल्या मनात गिरीनगरसाठी नवस बोललेला होता. वेलिंग्टन म्हटल्यावर ती एवढंच म्हणाली, "म्हणजे परत खोकी बांधायची."

गावी सांगताना जास्त पंचाईत झाली. क्रिकेट बघणाऱ्यांना वेलिंग्टन म्हणजे न्यूझीलंड, त्यामुळे 'पोरगा फॉरेनला चाललाय' अशी आवई दोन दिवस टिकली. तात्यांनी, म्हणजे वडिलांनी, सरळ विचारलं, "एनडीएत शिकलास, डेहराडूनला शिकलास, देवळालीला तर दोनदा. अजून काय राहिलंय?" त्यांचं बरोबरच होतं. बाहेरच्यांना वाटतं, अधिकारी एकदा पासिंग आऊट परेड करून बाहेर पडला की शिक्षण संपलं. प्रत्यक्षात दर काही वर्षांनी त्याला वर्गात बसवतात. महूच्या आर्मी वॉर कॉलेजात ज्युनिअर कमांड, मग सीनिअर कमांड, निवडलेल्या कर्नलांसाठी हायर कमांड. सिकंदराबादला कॉलेज ऑफ डिफेन्स मॅनेजमेंट. नौदलाचं वॉर कॉलेज आधी मुंबईजवळ करंज्याला होतं, ते आता गोव्यात आहे. आणि सगळ्यात वर 1960 साली सुरू झालेलं दिल्लीचं नॅशनल डिफेन्स कॉलेज. तिथे ब्रिगेडियरांच्या शेजारी आयएएस-आयपीएसवालेही बसतात. या जिन्यात वेलिंग्टन मधल्या पायरीवर येतं, आणि बहुतेकांची पुढची वाट तिथेच ठरते, म्हणून त्याची एवढी मातब्बरी.

आमच्या नाशिककरांना या कॉलेजचं एक वेगळं अप्रूप असायला हवं, पण फारसं कोणाला ठाऊक नसतं. हे स्टाफ कॉलेज मुळात 1905 साली देवळालीत सुरू झालं, लॉर्ड किचनर सरसेनापती असताना. दोन वर्षांत, 1907 मध्ये, ते क्वेट्टाला हललं आणि फाळणीपर्यंत तिथेच होतं. दुसऱ्या महायुद्धात गाजलेल्या ब्रिटिश सेनापतींपैकी विल्यम स्लिम तिथले विद्यार्थी, माँटगोमेरी तिथले शिक्षक. 1933 मध्ये करिअप्पा तिथे गेले, स्टाफ कॉलेजात शिकलेले पहिले भारतीय अधिकारी. 1947 मध्ये क्वेट्टा पाकिस्तानात गेलं आणि आपल्या वाट्याच्या लोकांनी वेलिंग्टनच्या बराकींत नव्यानं संसार मांडला. ब्रिगेडियर एस. डी. वर्मा पहिले कमांडंट, आणि 1948 मध्ये वर्ग सुरू. पाकिस्तानचं स्टाफ कॉलेज आजही क्वेट्टातच आहे. म्हणजे सीमेच्या दोन्ही बाजूंना हल्ल्याचा आणि बचावाचा विचार करायला शिकवणाऱ्या शाळा सख्खी भावंडं, आणि त्यांचं जन्मगाव देवळाली कॅम्प.

कोर्स जूनमध्ये सुरू होतो आणि एप्रिलपर्यंत चालतो. कोइंबतूर, मेट्टुपालयम, मग घाट. सामानाचा ट्रक मागून येणार होता, म्हणून आम्ही मुलीच्या हट्टाखातर छोट्या गाडीनं गेलो. कल्लार ते कुन्नूर या चढावर रुळांच्या मधोमध दात असलेली पट्टी आहे, इंजिन त्यात चाकाचे दात अडकवत वर चढतं. कुन्नूरच्या पुढचं स्टेशन वेलिंग्टन. उंची सहा हजार फुटांच्या आसपास, चहाचे मळे, युकॅलिप्टस, आणि धुकं असं की बाल्कनीत वाळत घातलेले कपडे तिसऱ्या दिवशी जास्त ओले. आपल्याकडे दिवाळीत पाऊस ओसरलेला असतो, तिथे तेव्हाच ईशान्य मोसमी वाऱ्यांचा खरा पाऊस सुरू होतो. कंदील भिजू नये म्हणून बायकोनं तो स्वयंपाकघरात टांगला.

आणि गवे! एका सकाळी वर्गाला जायला दार उघडलं, तर कुंपणाच्या आत, माझ्या स्कूटरपासून हातभर अंतरावर, गवा उभा. खांदा माझ्या डोक्याच्या वर. शांतपणे आमच्या जास्वंदीचा शेंडा ओरबाडत होता. पायांत पांढरे मोजे घातल्यासारखे दिसणारे ते खूर मी इतक्या जवळून बघितले की त्यावरचा चिखलही लक्षात आहे. समोरच्या घरातून एका वहिनींनी खिडकीतून हातानंच 'थांबा' अशी खूण केली. त्या आधीच्या वर्षापासून तिथे होत्या, त्यांचे यजमान शिक्षकवर्गात. अर्ध्या तासानं महाराज निघाले. वेलिंग्टनमध्ये 'गवा दारात होता' हे उशिराचं कारण कोणी उडवून लावत नाही.

वर्गाची रचना सिंडिकेटची. आठ-दहा जणांचा गट, एक डीएस, म्हणजे डायरेक्टिंग स्टाफ. दर टप्प्याला गट बदलतात, डीएस बदलतात. आमच्या एका गटात पायदळ, रणगाडे, सिग्नल्स, एक हवाई दलाचा वैमानिक, मडगावचा एक नौदल अधिकारी आणि नायजेरियाचा एक मेजर होता. परदेशी मित्रांची इथे जुनी परंपरा आहे. नायजेरियाचे राष्ट्राध्यक्ष झालेले बुहारी 1973 साली याच कॉलेजात विद्यार्थी होते. त्यावरून आम्ही आमच्या मेजरला 'प्रेसिडेंट' म्हणत असू, आणि तो गंभीर चेहरा करून आम्हाला मंत्रिपदं वाटत असे. मडगावकराशी माझं मराठी-कोकणी असं मिसळ चालायचं.

पहिला धक्का बसतो तो लिहिण्याचा. समोर वीस-पंचवीस पानांचा पत्रव्यवहार ठेवतात: कोणाची तक्रार, कोणाची मागणी, जुने संदर्भ, एकमेकांना छेद देणारे आकडे. सांगतात, जनरल साहेबांना उद्या सकाळी यावर निर्णय घ्यायचा आहे, त्यांच्यासाठी एका पानात मांडा. आम्ही सगळे वर्षानुवर्षं हुकूम देणारे लोक, ताठ मानेनं लिहून दिलं. कागद परत आले तेव्हा सगळ्या गटाच्या पानांवर लाल शाई. डीएसनं व्याकरणाला फारसा हात लावलेला नव्हता. विशेषणं कापली होती, आणि प्रत्येक परिच्छेदाशेजारी एकच प्रश्न: हे वाचून साहेबांनी काय करायचं? ज्या वाक्याला उत्तर नव्हतं, ते वाक्य गेलं. माझ्या पानातलं जे उरलं ते पोस्टकार्डावर मावलं असतं. ते वाचलं, आणि खरंच, जनरल साहेबांना तेवढंच पुरलं असतं.

पलटणीत स्टाफ अधिकाऱ्यांबद्दल एक ठरलेलं मत असतं: उंटावरून शेळ्या हाकणारे. मीही खंदकात बसून ब्रिगेडच्या कागदांना शिव्या घातलेल्या आहेत, आणि त्यातल्या काही अजूनही मागे घेणार नाही. पण त्या वर्षानं एक गोष्ट डोक्यात पक्की केली. रात्री दोन वाजता, पावसात, तीन दिवस न झोपलेला कॅप्टन जो कागद टॉर्चच्या उजेडात वाचणार आहे, तो लिहिणाऱ्याचं एक संदिग्ध वाक्य म्हणजे चुकीच्या टेकडीवर गेलेली एक कंपनी. शौर्याच्या गोष्टी सांगताना हे कोणी सांगत नाही, कारण त्यात सांगण्यासारखं काही नाही. वेळ, ठिकाण, कोण, कोणाच्या आधी. बस.

हिशेबाचंही तसंच. संयुक्त टप्प्यात आम्हाला एक एक्सरसाइज दिली होती: एक ब्रिगेड गट रस्त्यानं बंदरापर्यंत पोचवायचा, तिथून जहाजांवर चढवायचा. गाड्या धरा पाचशे. रस्त्यावर किलोमीटरमागे वीस गाड्या ठेवल्या तर ताफा पंचवीस किलोमीटर लांब. रात्री दिवे झाकून ताशी 15 च्या वेगानं चाललात, तर एका बिंदूवरून पूर्ण ताफा जायला 1 तास 40 मिनिटं. मध्ये एकच पूल. इथे माझं तोफखान्याचं शेपूट आडवं आलं. 18 तोफा, तोफेमागे 100 गोळे म्हटले तर 1800 गोळे. 155 मिलिमीटरचा गोळा 45 किलोचा धरला तर नुसत्या गोळ्यांचं वजन 81 टन. पाच टनी ट्रक घेतले तर सतरा लागतात, शिवाय चार्ज आणि फ्यूज वेगळे. आणि तोफखान्याला दारूगोळा इतरांच्या आधी पुढे हवा, म्हणजे त्याच पुलावर, त्याच रात्री, आधी. रणगाडेवाल्याला ते मान्य नव्हतं. त्याचे ट्रेलर आधी गेले नाहीत तर जहाजात त्यांची जागाच चुकते. आमचं चांगलंच वाजलं. टाल्कवर, म्हणजे नकाशावर टाकायच्या पारदर्शक प्लॅस्टिकवर, पेन्सिलीनं आखलेलं वेळापत्रक पुसून पुसून काळं झालं. शेवटी मिनिटामिनिटाला बसणारा तक्ता तयार झाला आणि आम्ही सगळे खुर्चीत मागे टेकलो.

तेव्हा मडगावकरानं इतका वेळ धरलेलं तोंड उघडलं. "पूल बंद पडला तर मागच्या गाड्या उभ्या कुठे राहणार?" रस्त्यावरच, कोणीतरी म्हणालं. तो म्हणाला, "आमच्यात बंदर मिळालं नाही तर नांगर कुठे टाकायचा हे निघायच्या आधी ठरलेलं असतं. तुम्ही पंचवीस किलोमीटर लोखंड रस्त्यावर उभं करणार, आणि सकाळी विमानं आल्यावर?" वैमानिकानं मान डोलावली. त्याच्या लेखी तो ताफा म्हणजे आयतं लक्ष्य. डीएस खिडकीपाशी उभे राहून बाहेर बघत होते. त्यांनी मागे न वळताच सांगितलं, "कॅरी ऑन." आम्ही परत नकाशावर वाकलो आणि थांबण्याच्या जागा शोधायला लागलो.

तिन्ही दलं एकत्र शिकतात याचं कौतुक भाषणांत पुष्कळ ऐकलं होतं. माझ्यापुरता त्याचा अर्थ त्या दुपारी कळला. दुसऱ्या दलाचा माणूस कोणत्या गोष्टीला घाबरतो, हे समजल्याशिवाय त्याच्याबरोबर योजना करता येत नाही.

बाकी दिवस भरगच्च. व्याख्यानांना तिन्ही दलांचे प्रमुख, राजदूत, शास्त्रज्ञ, प्राध्यापक येतात. तिथे बोललेलं तिथेच ठेवायचं असा दंडक आहे, त्यामुळे लोक मोकळेपणानं बोलतात आणि विद्यार्थीही प्रश्न विचारताना हुद्दा बघत नाहीत. ते काय बोलले ते मी इथेही लिहिणार नाही. कोर्सबरोबर मद्रास विद्यापीठाची एम.एस्सी.ची पदवी असते, त्यासाठी प्रबंध. ग्रंथालयात रात्री उशिरापर्यंत बसणाऱ्यांत अर्धे प्रबंधवाले आणि उरलेले घरी मूल झोपू देत नाही म्हणून आलेले.

8 डिसेंबर 2021 ला, माझा कोर्स होऊन काही वर्षं झाल्यावर, बातमी आली. जनरल बिपिन रावत सुलूरहून हेलिकॉप्टरनं वेलिंग्टनकडे निघाले होते, कॉलेजातल्या अधिकाऱ्यांसमोर बोलायला. कुन्नूरजवळ अपघात झाला. डिसेंबरात दुपारी ते धुकं दरीतून कसं चढून येतं हे आम्ही पाहिलेलं होतं. आमच्या कोर्सच्या ग्रुपवर त्या दिवशी फार थोडे मेसेज आले.

सॅम माणेकशांची आठवण मात्र त्या गावात अजून हसतखेळत निघते. मेजर जनरल असताना ते या कॉलेजचे कमांडंट होते. त्या काळात त्यांच्यावर चौकशी बसली, त्यातून ते निर्दोष सुटले, आणि पुढे काय झालं ते देशाला माहीत आहे. निवृत्तीनंतर ते कुन्नूरलाच राहिले. 27 जून 2008 ला त्यांनी देह ठेवला तोही वेलिंग्टनच्याच मिलिटरी हॉस्पिटलमध्ये. बाजारातल्या जुन्या दुकानदारांकडे त्यांच्याबद्दलचा एकेक किस्सा असतोच, आणि प्रत्येक किश्शात ते दुकानदाराचे खास मित्र असतात.

गणपतीत मराठी घरांची मोट बांधली गेली. उकडीच्या मोदकांसाठी नारळाला तोटा नव्हता, तांदळाच्या पिठीचा मात्र शोध घ्यावा लागला. आरतीला 'प्रेसिडेंट' आला, झांजा हातात घेतल्या आणि आमच्यापेक्षा बऱ्या ठेक्यात वाजवल्या. आई त्या दिवसांत आमच्याकडे होती. तिला सगळं आवडलं, एक गोष्ट सोडून. कॉलेजच्या चिन्हावर घुबड आहे, आणि ते पाट्यांवर, कपांवर, भिंतीवर जिकडेतिकडे. "एवढी शिकलेली माणसं, आणि घुबड का रे लावलंय दारादारांत?" मी शहाणपणाचं प्रतीक वगैरे सांगून पाहिलं. तिला ते पटेना. मग गटातल्या बंगाली मेजरच्या बायकोनं सांगितलं, आमच्याकडे ते लक्ष्मीचं वाहन. आईनं जरा विचार केला आणि जाताना मोदकांबरोबर एक घुबडाचा कप गावी नेला.

मार्चपासून सगळ्यांचं लक्ष पोस्टिंगकडे. नावामागे पीएससी, म्हणजे 'पास्ड स्टाफ कॉलेज', लागणार हे ठरलेलं असतं, पण कोणाला ब्रिगेड मेजर, म्हणजे ब्रिगेड कमांडरचा मुख्य स्टाफ अधिकारी, कोणाला दिल्लीचं मुख्यालय, कोणाला कुठल्या कोपऱ्यातली खुर्ची, यावर कँटीनपासून गोल्फच्या मैदानापर्यंत खलबतं. मला पूर्वेकडच्या एका ब्रिगेडमध्ये ब्रिगेड मेजर म्हणून पाठवलं. बायकोनं खोकी फेकून दिलेली नव्हती.

तिथे पोचून सामान नीट लागलं नव्हतं, तेवढ्यात पावसात दरड कोसळली. वर जाणारी पलटण खाली अडकली, खाली येणारी वर, आणि रस्ता मोकळा झाला तेव्हा एका वेळी एकाच बाजूची वाहतूक जाईल एवढाच. कमांडर म्हणाले, रात्रीतून दोघांना हलवा. मी ऑर्डर लिहायला बसलो. एक पान झालं. वेळ, कोण आधी, पुलावर गाड्यांत अंतर किती. मग थांबलो आणि आणखी दोन ओळी घातल्या: दुसऱ्या पलटणीनं कोणत्या मैदानात थांबायचं आणि तिथे चहा किती वाजता पोचेल. तेवढ्यावर सही झाली. रात्रभर फोन शेजारी ठेवला होता, शंका विचारायला कोणाचाच आला नाही. अडीचच्या सुमाराला दुसरी पलटण वेळेच्या थोडी आधीच पार झाली. सकाळी कमांडरांनी मला बोलावलं, ऑर्डरचा विषयही काढला नाही, आणि पुढच्या महिन्याचा रजेचा तक्ता मागितला.